आडवे पट्टे पुरेसे नाहीत

महोदय,

रुग्णवाहिकेला वाट न देणारे वाहनचालक, सायरनचा गैरवापर, चालकांचा बेफाम वेग या विषयांवर वाचकांची पत्रे अधूनमधून येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र गाडीचे मागचे दार बंद झाल्यावर आत काय असते, यावर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. मी रुग्णवाहिकेत रुग्णासोबत मागे बसणारी कर्मचारी आहे. स्ट्रेचरवरच्या खांद्याच्या पट्ट्यांबद्दल मला लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल, तरी जागा द्यावी ही विनंती.

चांगल्या स्ट्रेचरला छाती, कंबर आणि पाय यांवरून जाणारे आडवे पट्टे असतात. शिवाय दोन्ही खांद्यांवरून खाली येऊन छातीच्या बकलात अडकणारे दोन पट्टे असतात. हे सगळे मिळून हार्नेस होतो. प्रत्यक्षात काय दिसते? कमरेचा पट्टा लावलेला, पायांवरचा कधी लावलेला, कधी लोंबणारा. खांद्याचे दोन्ही पट्टे गादीखाली दुमडून ठेवलेले, नाहीतर काढून कपाटात टाकलेले. कारण विचारले तर उत्तरे तयार असतात. घाईत गुंता होतो, मॉनिटरच्या वायरी मध्ये येतात, रक्त-उलटीने माखले की धुवायचे कोणी, आणि ‘दवाखाना तर पाच मिनिटांवर आहे’. अपघात शेवटच्या पाच मिनिटांत होत नाहीत, असे या मंडळींना कोणी सांगितले कोण जाणे!

आडवे पट्टे रुग्णाला स्ट्रेचरवरून कुशीवर घरंगळू देत नाहीत. त्यांचे मुख्य काम तेवढेच. बहुतेक गाड्यांत स्ट्रेचर डोक्याच्या बाजूने आत सारतात, म्हणजे रुग्णाचे डोके चालकाच्या दिशेला असते. गाडी समोर आदळली किंवा जोरात ब्रेक लागला की झोपलेले शरीर डोक्याच्या दिशेने सरकते. स्ट्रेचरची पाठीकडची फळी उचललेली असेल तर ते तिच्यावर रेलून वर चढते. अशा वेळी आडव्या पट्ट्यांखालून माणूस सरळ निसटतो आणि पुढच्या पत्र्याच्या भिंतीवर त्याचे डोके जाऊन आदळते. ही सरक खांद्याचे पट्टेच अडवतात.

जोर किती असतो, याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. रुग्णवाहिकांसाठीच्या ईएन १७८९ या युरोपीय मानकात माणसे आणि उपकरणे गुरुत्वाकर्षणाच्या १० पट जोराला जागच्या जागी राहिली पाहिजेत, अशी अट आहे. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि वर-खालीसुद्धा. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा पट्ट्यांवर ७०० किलोंचा भार! त्यासमोर एका नायलॉनच्या पट्टीची गाठ काय टिकणार? अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने रुग्णवाहिकांच्या ज्या गंभीर अपघातांचा तपास केला, त्यांत खांदे आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणी बांधलेले रुग्ण फक्त ३३ टक्के होते आणि ४४ टक्के रुग्ण स्ट्रेचरवरून फेकले गेले होते. मागच्या भागातल्या ८४ टक्के कर्मचाऱ्यांनी स्वतःचा पट्टा लावलेला नव्हता. ज्याने रुग्णाला सांभाळायचे, तोच उडून रुग्णावर पडायचा.

काम नीट करायचे तर फार वेळ लागत नाही. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कटीच्या हाडांवर बसवायचा. गरोदर बाई असेल तर तो पोटाच्या फुगीर भागाखालून न्यायचा. पायांचा पट्टा गुडघ्यांच्या थोडा वर. मग छातीचा आणि खांद्याचे. पट्टे लावून झाले की रुग्णाला एक खोल श्वास घ्यायला सांगायचे. तो घेता आला पाहिजे. पाठीची फळी वर-खाली केली की पट्टे पुन्हा ओढून बघायचे, कारण कोन बदलला की तेच पट्टे सैल पडतात किंवा रुततात. पांघरूण सगळ्यात शेवटी. जाड ब्लँकेटवरून आवळलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की ब्लँकेट दबते आणि पट्टा ढिला पडतो. शिवाय बकल पांघरुणाखाली गेले की ते उघडे राहिले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दम लागलेल्या रुग्णाला झोपवता येत नाही, तो बसूनच येतो. अशा रुग्णाला ‘बांधले तर घुसमटेल’ म्हणून हमखास मोकळे सोडतात. वास्तविक बसलेल्या माणसाचे धड मोकळे असते, त्यामुळे खांद्याच्या पट्ट्यांची गरज त्यालाच जास्त. छातीचा पट्टा बेताचा ठेवा, खांद्याचे मात्र सोडू नका.

दुसरा प्रकार मणक्याच्या दुखापतीचा. रुग्णाला स्पाइन बोर्डवर, म्हणजे मणका हलू नये म्हणून वापरायच्या कडक सपाट फळीवर, अगदी व्यवस्थित, डोक्यासकट बांधतात आणि तो बोर्ड स्ट्रेचरवर नुसता ठेवून देतात. ब्रेक लागला की बोर्डासह रुग्ण सरकतो. बोर्ड स्ट्रेचरला आणि स्ट्रेचर गाडीच्या तळाच्या लॉकला अडकलेले हवे. लॉक बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकायचा आणि तरीही हाताने एकदा हलवून बघायचे. ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, सक्शन मशीन यांनाही हाच नियम.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त वाद होतात. आईला वाटते, माझ्या कुशीत पोर सुरक्षित आहे. पण वर सांगितलेला १० पट जोर धरला तर १० किलोचे मूल १०० किलोंचे होते आणि त्याला कोणाचेही हात धरून ठेवू शकत नाहीत. त्याच अमेरिकी प्रशासनाने २०१२ मध्ये काढलेल्या शिफारशींतही मुलाला मांडीवर किंवा हातात धरून नेऊ नये, त्याच्या मापाच्या हार्नेसमध्ये बांधावे, असेच म्हटले आहे. मोठ्यांचे पट्टे मुलाला होत नाहीत, ते मानेवर येतात. म्हणून गाडीत मुलांचा वेगळा हार्नेस असायला हवा. तो स्ट्रेचरला अडकतो आणि आई समोर बसून मुलाशी बोलू शकते.

नातेवाइकांची आणखी एक तक्रार असते. ‘अहो, आजीला बांधता कशाला? ती काय पळून जाणार आहे?’ त्यांच्या जागी ते बरोबरच असतात, कारण त्यांनी बिथरलेल्या रुग्णाचे मनगट बँडेजने स्ट्रेचरच्या कठड्याला बांधलेले कधीतरी पाहिलेले असते. ती गोष्टच निराळी. हातपाय बांधणे हा वैद्यकीय निर्णय असतो. तो नाइलाज झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि शक्य तितक्या थोड्या वेळापुरता घ्यायचा. रुग्णाला पालथे तर कधीच बांधायचे नाही, कारण तसा श्वास कोंडून माणसे दगावलेली आहेत. प्रवासाचा हार्नेस मात्र शांत, शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही लागतो आणि त्याचे बकल एका झटक्यात सुटते. हे दोन वाक्यांत समजावले तर विरोध होत नाही. ‘आजी, रस्त्यात गचके बसतील म्हणून पट्टा लावते, हात मोकळेच ठेवते,’ एवढे म्हटले की आजी स्वतःच खांदा पुढे करतात.

दोष एकट्या कर्मचाऱ्याचा नाही. गाडीत पट्ट्यांचा एकच संच असेल आणि तो रक्ताने भिजला असेल, तर पुढच्या रुग्णाला तो लावायला कोणाचेही मन धजणार नाही. प्रत्येक गाडीत जादा संच हवा. शक्यतो ओले न शोषणारा, पुसून स्वच्छ होणारा. स्ट्रेचर खरेदी करताना हार्नेस त्याच्यासोबत आला की नाही, हे खरेदी करणाऱ्याने मोजून घ्यावे. पाळी सुरू होताना आपण ऑक्सिजन किती आहे ते लिहितो, त्याच वहीत खांद्याच्या पट्ट्यांचाही एक रकाना असावा. रुग्ण उतरवून घेताना दवाखान्यातल्या परिचारिकेने ‘पट्टे होते का?’ एवढे विचारायला सुरुवात केली, तरी महिन्याभरात गादीखालचे पट्टे बाहेर येतील.

वाचकांपैकी कोणी रुग्णासोबत गेलेच, तर गाडी हलण्यापूर्वी खांद्याचे पट्टे लावायला सांगावे. आम्हाला राग येत नाही. आणि स्वतः चालकाच्या शेजारी बसून आपलाही पट्टा लावावा. मागे जागा नसताना तिघे-चौघे दाटीवाटीने बसले, तर आम्हाला रुग्णाच्या दंडापर्यंतही पोहोचता येत नाही.

आपली,
रुग्णवाहिकेतील एक कर्मचारी