माउंट रशमोरपासून काही तासांवर

महोदय,

अमेरिकेत मुलांकडे जाणारे आपले बरेच लोक माउंट रशमोर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, पाहून परततात. तिथून काही तासांवर, नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनलाही त्यांनी जरूर जावे. नाव किल्ल्याचे, पण तट-बुरूज नाहीत. लाकोटा या मूळनिवासी जमातीवर वचक ठेवायला १८७४ मध्ये वसवलेले हे लष्करी ठाणे. शरण आलेला त्यांचा लढवय्या पुढारी क्रेझी हॉर्स याला ५ सप्टेंबर १८७७ रोजी इथल्याच कोठडीत डांबू पाहताना संगीन भोसकली गेली. जानेवारी १८७९ मध्ये तर सरकारने आधी जिथे धाडले होते त्या दक्षिणेकडच्या मुलखात परतायला नकार दिला म्हणून बराकीत कोंडलेल्या शायेन या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या लोकांचे अन्न आणि सरपण बंद केले. रात्री त्यांनी खिडक्यांतून बर्फात उड्या टाकल्या; बायका-मुलांसह कितीतरी जण गोळ्यांना बळी पडले. हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही.

पुढे इथे लष्कराचे घोडे पोसले गेले, दुसऱ्या महायुद्धात कुत्र्यांना शिकवले गेले, जर्मन युद्धकैदी ठेवले गेले, नंतर गुरांवर संशोधनही झाले. आता हे राज्य उद्यान आहे आणि जुन्या बराकीत पर्यटकांची राहण्याची सोय होते. जरूर राहा, पण आधी पुन्हा उभारलेल्या त्या कोठडीपाशी नातवंडांना घेऊन जा.

– एक वाचक, पुणे