आप्पा, त्या दिवशी मशीन चालू न केल्याबद्दल थँक्यू

आप्पा, फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय.

घोटी साइडला इंद्रायणी भात निघाला की बेलरवाल्यांच्या (पेंढ्याचे गठ्ठे बांधायचं मशीन असणाऱ्यांच्या) मागे किती लोकं लागतात ते सगळ्यांना माहितीये, आणि पैसे गठ्ठ्यामागे, जेवढे गठ्ठे पडतील तेवढी कमाई. तरी तुम्ही खाचरात ट्रॅक्टर उभा केला, मूठभर पेंढा घेऊन पिळला, काडीचं पेर नखाने दाबून बघितलं आणि म्हणालात, "ताई, वरून वाळलाय पण पेरात ओल आहे, आज नको." आभाळ आलेलं, आमचे हे म्हणत होते उरकून टाका, पण तुम्ही हटला नाही. म्हणालात, भिजलेला पेंढा पसरून परत वाळवता येतो, ओला दाबून बांधला तर आतून तापतो, मग बुरशी धरते आणि फारच तापला तर पेटतोसुद्धा. साधारण 20 टक्क्यांच्या वर ओल असली की हा धोका असतो हे मी नंतर वाचलं, तुमच्याकडे मीटर नव्हता तरी हाताला कळलं. दुसरं कोणी असतं तर गठ्ठे पाडून पैसे घेऊन निघून गेलं असतं, तुम्ही रिकामे परत गेलात आणि चांगलं ऊन पडल्यावर दव उडाल्यावरच आलात.

शिवाय गठ्ठे रचायलाही थांबलात, ते काही तुमचं काम नव्हतं. खाली द्राक्षाच्या पॅकहाऊसमधले जुने पॅलेट टाकायला लावले, जमिनीची ओल चढू नये म्हणून. पहिला थर कडेवर उभा, सुतळी बाजूला राहील असा. पुढचा थर आडवा, सांधे एकमेकांवर येऊ न देता, विटांची भिंत बांधतात तसं. पत्र्याला काही टेकू दिलं नाही, हात जाईल एवढी फट सगळीकडून. पोरांना उचलायचं पण दाखवलंत, दोन्ही सुतळ्या धरून, गुडघ्यात वाकून, कंबरेतून नाही.

आणि ती सळई! गंजीत खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने ओढून हात लावायचा, गरम लागायला लागली तर गंजी वेळीच मोकळी करायची, पण हात ठेवता येणार नाही इतका चटका बसला तर गंजी न हलवता आधी अग्निशमनवाल्यांना बोलवायचं, कारण हवा लागली की पेटू शकते. सुरुवातीचे काही आठवडे मी रोज हेच करायचे, सळई कधी गरम लागली नाही.

इगतपुरीचा पावसाळा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, महिनोन्महिने कपडा वाळत नाही. त्यात श्रावणात मी गंजीच्या मधला गठ्ठा काढून सुतळी कापली तर आतला पेंढा पिवळाच, काळा डाग नाही, धूळ उडाली नाही, गायींनी गव्हाणीत टाकल्या टाकल्या तोंड घातलं. त्या दिवसांत बाहेरून चारा आणायचा म्हटलं तर दुधाचे पैसे त्यातच जातात, ते वाचले आप्पा, खरंच वाचले.

कापलेली सुतळी मी मोजून पिशवीत टाकते, प्लॅस्टिकची आहे, गायीच्या पोटात गेली तर बाहेर निघत नाही हे तुम्ही बजावलं होतं ते लक्षात आहे.

यंदा भात कापायला आला की पहिला फोन तुम्हालाच. तुम्ही म्हणाल तेव्हाच मशीन चालू होईल, घरात मी सांगून ठेवलंय. आणि हेलपाटा झाला तर त्या दिवसाचं डिझेल आमच्याकडून, ते नाही म्हणू नका.