डोगाचा मुखवटा काढू नकोस

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय मंदार,

परवा तुझा फोन ठेवला आणि झोपच उडाली. "डोगावर पटकथेचा कच्चा आराखडा लिहितोय, तुला काय बघायचंय ते सांग," एवढं बोलून तू लगेच आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळलास. मी हो हो करत राहिलो, पण डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं: आपला डोगा, राज कॉमिक्समधला कुत्र्याच्या मुखवट्याचा हिरो. अशा गोष्टी मला फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर सांभाळून घे.

दिग्दर्शक अनुराग कश्यप डोगावर चित्रपट करणार, कुणाल कपूर डोगा होणार अशा बातम्या आल्या होत्या, आठवतंय? तू रात्री साडेअकराला फोन करून ओरडला होतास आणि मीही इकडे गच्चीवर जाऊन ओरडलो होतो. चित्रपट झाला नाही. त्यानंतर या बाबतीत मी आशा धरणंच सोडून दिलं होतं. तू या धंद्यात इतकी वर्षं आहेस, त्यामुळे आराखडा लिहिणं आणि चित्रपट उभा राहणं यातलं अंतर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरीही तू लिहितोयस म्हटल्यावर मला परत आशा वाटायला लागली आहे.

लालबागच्या आपल्या चाळीच्या तोंडाशी, पानवाल्याशेजारी, ती फळकुटाची लायब्ररी होती. सुतळीला चिमट्यांनी लटकवलेली कॉमिक्स, दिवसाला आठ आणे भाडं. नागराज आणि ध्रुव या दुसऱ्या हिरोंची कॉमिक्स कायम कोणीतरी नेलेली असायची. डोगा मात्र मिळायचा, कारण लहान पोरांना त्याची भीती वाटायची. कुत्र्याचं तोंड, दोन्ही हातांत बंदुका, अंगात कसलीही जादू नाही. नागराजच्या अंगात साप होते, याच्याकडे फक्त व्यायामानं कमावलेलं शरीर आणि राग. शिवाय तो मुंबईचा होता. बाकीचे कुठल्या कुठल्या काल्पनिक शहरांत राहायचे, हा आपल्या गावात राहायचा.

त्याचं पहिलं कॉमिक 'कर्फ्यू'. आपल्या हातात ते नंतर कधीतरी पडलं. पण कर्फ्यू हा शब्द आपल्याला कॉमिक वाचून शिकावा लागला नव्हता. जानेवारी १९९३ च्या दंगलीत शाळा बंद होती, दूध येत नव्हतं, बाबा गॅलरीचा दरवाजा उघडू देत नव्हते. त्या दिवसांनंतर हातात आलेल्या त्या कॉमिकमध्ये काय होतं बघ. कचऱ्याच्या ढिगात टाकलेलं पोर, चंबळचा डाकू हलकान सिंग ते उचलतो आणि कुत्र्यासारखं वाढवतो. पुढे तो मुलगा मुंबईत येतो, त्याचं नाव सूरज, आणि त्याला माणसात आणतात ते अदरक खान. अदरक, हळदी, धनिया, काली मिर्च असे चार चाचा! एकाकडून शरीर कमवायला शिकला, एकाकडून मार्शल आर्ट, एकाकडून बॉक्सिंग, एकाकडून नेमबाजी. मसाल्याच्या डब्यासारखी ती नावं वाचून आपण पोट धरून हसायचो. हा सूरज नावाचा अनाथ मुलगा चार खान भावांच्या हाताखाली मोठा होतोय, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. आता येतं, आणि त्या वर्षांतलं लालबाग आठवून गलबलतं. मंदार, हे चाचा कापू नकोस. कोणीतरी म्हणेल की चार म्हणजे फार होतात, दोन करा, किंवा एकच ठेवा आणि नाव बदला. ऐकू नकोस.

अदरक चाचाची जिम चकाचक नको, आपल्या व्यायामशाळेसारखी हवी. गंजलेल्या प्लेटी, मारुतीची तसबीर, तिच्याखाली उदबत्तीची राख, घामानं काळं पडलेलं बाकडं, कोपरा उडालेला आरसा. तिथे सर पोरांना पाठीवर थाप मारून सांगायचे, "श्वास सोड, वजन नको सोडू." डोगाचा सगळा दम त्या खोलीतून आलेला आहे. तिथे मारुतीच्या शेजारी अदरक चाचांची नमाजाची चटई गुंडाळून ठेवलेली दिसली, तर त्यावर एकही संवाद लिहायची गरज नाही.

आता मुखवटा. तू म्हणालास की ज्यांना गोष्ट ऐकवलीस त्यांचा पहिला प्रश्न होता, "चेहरा कधी दिसणार?" तुझा आवाज तेव्हा उतरला होता, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

जज ड्रेडचं उदाहरण त्यांना दे. इंग्लंडच्या '२००० एडी' साप्ताहिकात १९७७ पासून हा माणूस छापून येतोय. तोच पोलीस, तोच न्यायाधीश, तोच शिक्षा देणारा, आणि हेल्मेटखालचा त्याचा चेहरा वाचकाला दाखवायचा नाही हा तिथला दंडक. १९९५ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला, सिल्व्हेस्टर स्टॅलन त्यात होता, आणि हेल्मेट उतरलं. एवढा मोठा नट घेतल्यावर चेहरा झाकायचा कसा, हा हिशेब. वाचकांना ते फार लागलं. २०१२ मध्ये पुन्हा चित्रपट आला तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच धाकधूक होती, याही वेळी काढणार का? कार्ल अर्बननं शेवटपर्यंत चेहरा दाखवला नाही. फक्त हनुवटी आणि ओठ, तेवढ्यावर त्यानं आख्खा माणूस उभा केला. ते बघताना मला आपल्या दशावतारातला मुखवटा आठवला. आत कोण आहे हे गावाला माहीत असतं, तरी सोंग आलं की लोक हात जोडतात.

त्या चित्रपटातलं आणखी एक शिकण्यासारखं आहे. अॅलेक्स गार्लंडनं पटकथा लिहिताना जग वाचवायला घेतलं नाही. दोनशे मजल्यांची एक इमारत, एक दिवस, एक नवी शिकाऊ अधिकारी सोबतीला, आणि वरच्या मजल्यावर बसलेली एक बाई जिला या दोघांना जिवंत सोडायचं नाही. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत, खर्च हॉलीवूडच्या मानानं बेताचा. हे मात्र लपवत नाही की थिएटरात तो पडला. पुढचा भाग निघाला नाही आणि चाहते आजही तो मागतायत. म्हणजे मुखवटा ठेवला की पैसे मिळतील असं मी तुला सांगू शकत नाही. पण १९९५ चा चित्रपट कोणी मनानं जपत नाही आणि २०१२ चा जपतात, हे मी स्वतः चाहता म्हणून सांगू शकतो.

शिवाय तुझं काम ड्रेडपेक्षा सोपं आहे. डोगाच्या आत सूरज आहे. ज्या नटाला घेशील त्याला सूरज म्हणून हवा तेवढा चेहरा दे. जिममध्ये, प्रेयसी मोनिकाबरोबर, चाचांच्या पंगतीत. (मोनिकाच मुखवट्यातली लोमडी आहे हे रहस्य पहिल्याच चित्रपटात फोडू नकोस, एवढंच तिच्याबद्दल सांगतो.) पण मुखवटा चढला की सूरज गेला. शेवटच्या मारामारीत अर्धा फाटलेला मुखवटा आणि आतून डोकावणारा सुंदर डोळा, हे कृपा करून नको. कुत्रा म्हणून वाढवलेल्या मुलानं कुत्र्याचंच तोंड पांघरून परत येणं, ही त्याची सगळी गोष्ट आहे. ते तोंड फाडलंस तर खाली एक देखणा हिरो उरतो, आणि तसे आपल्याकडे भरपूर आहेत.

आता माझ्या कामाची गोष्ट. डोगा गटारांतून फिरतो, हे कॉमिकमध्ये वाचताना किती भारी वाटायचं. गेली अठरा वर्षं मी ड्रेनेजच्या साइटवर आहे, आणि या बाबतीत माझ्याइतका हट्टी प्रेक्षक तुला मिळणार नाही. गल्लीतली मलवाहिनी बहुतेक ठिकाणी नऊ इंची, तिच्यातून मांजर जाईल, डोगा नाही. माणूस वाकून चालू शकेल असं काही असेल तर ते दक्षिण मुंबईतले पावसाच्या पाण्याचे जुने नाले, विटांच्या कमानीचे, शंभर वर्षांहून जुने. ते समुद्रात उघडतात. भरतीला समुद्राचं पाणी उलटं आत शिरतं. म्हणजे डोगाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ हवं! विचार कर, वर गुंड निसटतोय आणि हा खाली कमानीत पाणी उतरायची वाट बघत उभा आहे, छातीपर्यंत पाणी, शेजारी दोन कुत्री एका कठड्यावर अंग चोरून बसलेली. हे मी मनात इतक्या वेळा पाहिलंय की पडद्यावर दिसलं नाही तर मला खरंच वाईट वाटेल. आणि २६ जुलै २००५ चा दिवस, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, तो दिवस तुझ्या गोष्टीत यायलाच हवा असं मला वाटतं. त्या दिवशी डोगाचे सगळे रस्ते पाण्याखाली गेले असणार. त्याला आपल्यासारखं वर, लोकांत, कमरेभर पाण्यात चालावं लागलं असणार.

बिडाचं झाकण तो एका हातानं उडवतो तेही जपून दाखव. आम्ही ते पहारीनं, दोघं-तिघं मिळून सरकवतो. मग लगेच आत उतरायचं नसतं, आधी हवा लागू द्यायची. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तोवर निदान कळतं तरी, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा बरी झाली. तिथेच घात होतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात. मागे एका साइटवर, आमच्या नाही, शेजारच्या, मी एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला वर काढताना बघितलं. कमरेला दोर होता, पायात चपलासुद्धा नव्हत्या. त्याचा हात झाकणाच्या कडेला घासला आणि कोणीतरी "हळू, हळू" म्हणालं, जसं काही त्याला लागणार होतं. त्या दिवसापासून डोगा गटारातून धावतो ती पानं मला पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. म्हणून मागतोय, तुझ्या डोगाला खाली एकदा तरी हा माणूस भेटू दे. एका प्रसंगात, नाव असलेला माणूस म्हणून. शहराच्या पोटातले रस्ते डोगाला कोणी शिकवले असतील तर त्यानंच शिकवले असणार, दुसरं कोण?

राहिलं ते सगळ्यात अवघड. डोगा मारतो. पोलिसांच्या हवाली करत नाही, कोर्टाची वाट बघत नाही. दहाव्या वर्षी त्यातच मजा होती. त्या काळात पेपरात रोज एन्काउंटरच्या बातम्या असायच्या आणि चाळीत मोठी माणसं म्हणायची, "बरं झालं, एक कमी झाला." आपणही म्हणायचो. गेल्या वर्षी प्लॅटफॉर्मवर मोबाइल चोरताना एक पोरगा सापडला. पंधरा-सोळाचा असेल. लोकांनी त्याला इतकं मारलं की त्याचा एक दात माझ्या बुटापाशी येऊन पडला. मारणाऱ्यांत एकजण माझ्या रोजच्या डब्यातला होता, ज्याच्याशी मी अकरा वर्षं सीट वाटून घेतो. मी थांबा म्हणालो, पण उशिरा म्हणालो. घरी येऊन मी आपली जुनी कॉमिक्स काढली आणि रात्री उशिरापर्यंत चाळत बसलो.

म्हणून मला सौम्य केलेला डोगा नकोय. त्याला समजूतदार करू नकोस, शेवटी गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात देणारा करू नकोस. तो डोगा राहणार नाही आणि ज्यांनी आठ आणे भाड्यानं त्याला वाचला त्यांची फसवणूक होईल. पण एका माणसाला मारल्यावर कॅमेरा डोगाबरोबर निघून जाऊ नये. तो तिथेच थांबावा. मेलेल्याच्या खिशात वाजणारा फोन, त्याच्या घरचा. अदरक चाचांनी दुसऱ्या दिवशी पेपर वाचून सूरजच्या ताटात भाकरी वाढणं आणि काहीच न बोलणं. पहिल्या खुनाला थिएटरात शिट्ट्या पडतील, पडू देत, मीही वाजवीन. नंतर कधीतरी त्या आपोआप थांबल्या पाहिजेत.

आणि भाषा. ती कॉमिक्स दिल्लीत तयार व्हायची. त्यातली मुंबई आपल्याला प्रिय होती, पण आपली चाळ, आपलं बोलणं त्यात शोधून सापडायचं नाही. तू लालबागचा आहेस. तुझ्या मुंबईत मराठी माणूस फक्त हवालदार आणि कामवाली बाई म्हणून येऊ नये, एवढं बघ.

माझ्याकडे 'ये है डोगा'ची एक प्रत अजून आहे. मागच्या पानावर पेन्सिलनं तुझं नाव आणि "परत करणे" असं लिहिलंय, तुझ्याच अक्षरात. पुढच्या रविवारी येतोस का? सकाळी ओहोटीची वेळ बघून तुला एका जुन्या नाल्याचं समुद्राकडचं तोंड दाखवतो, बाहेरूनच, पण कमान नीट दिसते. स्केचवही आण. दुपारी जेवायला घरीच. काकूंच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, मी रजा टाकून येतो. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
सुहास

ता. क. कुत्री खरी घे, कॉम्प्युटरवर केलेली नकोत. आमच्या बिल्डिंगखाली एक तीन पायांची काळी कुत्री आहे, सगळ्या गल्लीला धाकात ठेवते. येशील तेव्हा तिला बघ.