आण्णांचे समालोचन

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आण्णांच्या रक्षाविसर्जनाला तुला पोहोचता आले नाही. रजेची आणि तिकिटाची अडचण मला ठाऊक आहे, त्याबद्दल पुन्हा क्षमा मागू नकोस. फोनवर मी तुला सगळे व्यवस्थित पार पडल्याचे सांगितले आणि ते खरेही होते, परंतु त्या दोन दिवसांत जे कळले ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

आपल्या पंचगंगा स्मशानभूमीत दहनाचे पैसे महापालिका घेत नाही आणि चितेला शेणी लागतात, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. होळी लहान करून शेणी दान करा असे सांगत पोरे गल्लीतून फिरत, तेव्हा तूही त्यांच्यात असायचास. त्या दिवशी शेणी रचायला जे सात-आठ वृद्ध गृहस्थ न सांगता पुढे झाले, त्यांच्यापैकी एकालाही मी ओळखत नव्हतो. ते उद्यमनगरातल्या फौंड्रीत आण्णांच्या हाताखाली मोल्डिंग शिकलेले कामगार होते. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडण्यासाठी ते पुन्हा आले आणि कावळ्याची वाट पाहत आम्ही घाटावर थांबलो असताना त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "आण्णा घरात खंचनाळेंची कुस्ती कितीदा सांगायचे?"

मला प्रश्नच समजला नाही. आपले आण्णा दिवसाकाठी वीस वाक्ये बोलत असतील तर ती पुष्कळ झाली. "जेवण झालं का", "दार लावलं का" आणि महिन्यातून एकदा "लाईटबिल भरलं का" एवढाच त्यांचा आणि माझा व्यवहार. त्या गृहस्थांनी मग सांगितले ते असे. भट्टी पेटवल्यापासून लोखंडाचा रस तयार होईपर्यंत मोल्डरच्या हाताला थोडी उसंत मिळते. त्या वेळात आण्णा उपड्या पाटीवर बसून खासबागेतल्या निवेदकाच्या आवाजात कुस्त्यांचे समालोचन करीत. 1959 साली श्रीपती खंचनाळे दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले, ती कुस्ती आण्णांनी पाहिलेली असणे शक्यच नव्हते. तरीही पट कसा काढला, घिस्सा कसा मारला, लोक कसे उठून उभे राहिले, हे सगळे ते असे सांगत की शेजारच्या शेडमधली माणसे काम टाकून दाराशी येत. मालकाची नक्कलही करीत म्हणे, आणि एकदा मालक मागे उभे असताना केली होती. रस ओतायची वेळ झाली की मात्र समालोचन जिथल्या तिथे थांबे, कारण साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली असेल तर पाण्याची वाफ होऊन तापलेले लोखंड अंगावर उसळते, आणि त्या वेळी आण्णा कोणाला तोंड उघडू देत नसत. ओतकाम संपले की पैलवान जिथे अडकलेला असेल तिथून कुस्ती पुन्हा सुरू.

घरी त्यांचे सतत ओतकामच चालू होते, असे एखादे वाक्य मला त्या क्षणी सुचले आणि बरेही वाटले; पण ते फार सोयीचे आहे, म्हणून सोडून दिले. खरे सांगायचे तर मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटला. ते हसत होते, रडत होते, एकमेकांना चुकलेले डाव सुधारून सांगत होते आणि मी, थोरला मुलगा, पाहुण्यासारखा ऐकत होतो. त्यांच्यापैकी एकाने आण्णांना आवडते म्हणून भडंगाची पुडी आणली होती. आण्णांना भडंग आवडते हे मला माहीत नव्हते. (कावळा मात्र त्याची पुडी सुटण्याआधीच आपल्या दहीभाताला शिवला, तेव्हा त्यात काही अर्थ शोधू नकोस.)

घरी आल्यावर मी तुझ्या आजीला जरा रागानेच विचारले, की हे तुला ठाऊक होते का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठाऊक नसायला काय झालं? लग्न झाल्यावर रोज रात्री एक कुस्ती असायची. तू दहावीला होतास, आतल्या खोलीत वाचत होतास. तूच ओरडलास, आण्णा, जरा गप्प बसा की. मग बसले गप्प."

मला ते आठवत नाही. दोन रात्री आठवून पाहिले. दहावीचे ते वर्ष, आतली खोली, भिंतीवरचे वेळापत्रक, सगळे स्पष्ट दिसते. ओरडलेले मात्र आठवत नाही. आजीने ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते, आणि एका वाक्याने माणूस चाळीस वर्षे गप्प बसत नाही, असे तुझी आई म्हणते. तिचे बरोबर असेल. दहावीनंतर मी एकदा तरी "मग पुढे काय झालं" असे विचारायला हरकत नव्हती, एवढे मात्र मला कळते.

भडंग आणणाऱ्या गृहस्थांच्या मोबाईलमध्ये आण्णांचा आवाज आहे. गेल्या दिवाळीत आण्णा त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांनी तो टिपून घेतला. सुमारे चार मिनिटांचा आहे. आण्णा फिरायला जातो म्हणून बाहेर पडत, ते कुठे जात हेही त्यामुळे कळले. तो आवाज मी तुला वेगळा पाठवतो आहे. मी पहिला पट निघेपर्यंत ऐकला आणि बंद केला. तू मे महिन्यात येशील तेव्हा पुढचा आजीजवळ बसून ऐकू.

तुझा,
बाबा