तिकिटं काढली आहेत

मिनियापोलिस
5 डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तुम्हा दोघांची इकडे अमेरिकेला यायची तिकिटं काढली आहेत. आधी विचारलं असतं तर बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणाले असते आणि आई, तू त्यांच्याकडे बघून मान डोलावली असतीस. म्हणून विचारलंच नाही. रागावू नका. आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा चुकणार नाही अशीच तारीख धरली आहे. तैलाभिषेक, अक्षता, होम मैदानावरचं दारूकाम, सगळं बघा आणि 19 जानेवारीला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठा. परत मार्चच्या मध्याला. गुढी आपल्याच दारात उभी राहील.

खरं तर मीच यायला हवं होतं. रजा उरली नाही. हे कारण सलग तिसऱ्या वर्षी देतेय, ते मलाही कळतं.

"उन्हाळ्यात बोलव, थंडीत म्हाताऱ्या माणसांना कसलं नेतेस?" असं मामा म्हणेल. पण उन्हाळ्यात इथे जो तो आपापल्या गावी पांगलेला असतो. हिवाळ्यात मात्र आमच्या इमारतीतले पाच रिटायर्ड आजोबा मंगळवारी आणि शुक्रवारी गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसतात. बाबा, तुमची हिपरग्याच्या तलावावरची चौकडीच म्हणा, फक्त डोक्यावर उपरण्याऐवजी कानटोपी.

तळं गोठल्यावर मासा जगतो कसा, हे तुम्ही आधी विचाराल. पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं. त्याहून गार झालेलं वर राहतं आणि वरच गोठतं. वर उणे 20 असलं तरी तळाशी 4 अंशांच्या आसपास. पण त्या गारठ्यात माशाची भूक मंदावते. आपल्या चिलापीसारखा तो झडप घालत नाही, आमिष तोंडात धरून नुसता उभा राहतो. म्हणून सगळं सामान बारीक: काठी दोन-अडीच फुटांची, दोरा 2 ते 4 पौंड ताण सोसणारा, गळाला हरभऱ्याच्या डाळीएवढं वजन आणि त्यावर मेणकिडा, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यात होणारी पांढरी अळी. गळ तळाला टेकवायचा, फूटभर वर घ्यायचा, दोनदा हलकं थरथरवायचं आणि मग दहा-पंधरा सेकंद गप्प. चावा त्या गप्प वेळातच येतो. झटका द्यायचा नाही, तुमची ती जुनी खोड आहे. मनगट नुसतं उचलायचं. काठीच्या कड्यांत बर्फ धरला तर नखाने खरवडू नका, कडी तुटते. टोक भोकातल्या पाण्यात बुडवलं की सुटतो.

भोक आठ इंची गिरमिटाने पाडतात. त्यात सारखा साचणारा भुगा काढायला चक्क झारा असतो. आई, तुझा भज्यांचा झारा डोळ्यांसमोर आण, तोच. पण बाबा, गिरमिट तुम्ही फिरवायचं नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात जोर लावणं नको. झाऱ्याचं काम तुमचं.

आई, पुढचा परिच्छेद तू सोडून दे.

बाबा, बर्फ स्वच्छ, काळसर दिसतो तो पक्का. माणसाला चालायला तो किमान 4 इंच जाड लागतो. दुधाळ पांढरा असेल तर त्याची ताकद निम्मी, म्हणून दुप्पट जाडी हवी. वर भुसभुशीत हिम साचलं की ते गोधडीचं काम करतं आणि खालचा बर्फ वाढत नाही. ओढा मिळतो तिथे आणि पुलाखाली बर्फ पातळच असतो, मग बाकी तळं कितीही जाड असो. पुढचा माणूस पहार आपटत चालतो, त्याच्या वाटेनेच जायचं. बर्फ मधूनच ढगासारखा गडगडतो. तो थंडी-उन्हाने फुगतो-आकसतो त्याचा आवाज, त्याला घाबरू नका. गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवलेल्या असतात, त्या काढायच्या नाहीत. कोणी पाण्यात गेलंच तर त्या कडेला रोवून, पाय मारत, आडवं होऊन वर यायचं आणि उभं न राहता आलेल्या वाटेकडे लोळत जायचं. तंबूत गॅसची शेगडी पेटवतात तेव्हा वरची झडप उघडी हवी. शेगडीतून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, डोकं दुखायला लागलं की थेट बाहेर. हे सगळं एकदाच लिहिलंय, पुन्हा भीती घालणार नाही. जानेवारीअखेर बर्फ सगळ्यात भरवशाचा असतो, तारीख निवडताना तेही पाहिलं.

परवाना मी काढेन. बाहेरच्यांना 24 तासांचा, 72 तासांचा आणि आठवड्याचाही मिळतो. हिवाळ्यात एकाला दोन गळ टाकता येतात, म्हणजे दुसरा आईच्या हातात द्यायला नको.

आई, तुझ्यासाठी घरात 22 अंश. नळाला चोवीस तास गरम पाणी, चार दिवसांआड पाळी नाही. हवा फार कोरडी असते, नाकातून रक्त येतं, म्हणून वाफेचं यंत्र आणून ठेवलंय. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, जुनं असतं, पण थापता येतं. तुझ्या शेंगाचटणीला पर्याय नाही, तेवढी आण. सोलापुरी चादर आणलीस तर सोफ्यावर घालू. बर्फावर सुती काही चालत नाही, घाम धरतं आणि ओलं राहतं. आत लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, दोन्ही घेतलंय.

आता ऐका. हयातीचा दाखला गेल्याच महिन्यात दिला आहे, पेन्शन अडणार नाही. पाण्याची टाकी भरायला दादा येईल. गोळ्या मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. साखर मोजायचं यंत्रही तिथेच. ते गारठलं की आकडा चुकीचा दाखवतं, म्हणून बर्फावर नेलंत तर आतल्या खिशात. विमानतळावर व्हीलचेअर दोघांच्या नावावर सांगितली आहे. बाबा, त्यात कमीपणा नाही, रांगा लांब असतात. आणि मोरपिसाची ती तरंगती काडी घरीच ठेवा, मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

पायाला मुंग्या येतात हे मला आईने सांगितलं, तुम्ही नाही. बधिर पायाला थंडी लागलेली कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने तंबूत मोजे काढून बोटं बघायची. पांढरी दिसली की घरी. आणि घट्ट बूट रक्त अडवतो, म्हणून बूट एक माप मोठा घेणार आहे. रविवारी दोन जोड मोजे घालून वर्तमानपत्रावर उभे राहा, पायाभोवती आईकडून पेन्सिल फिरवून घ्या आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. माझ्या शाळेच्या बुटांचं माप तुम्ही असंच घ्यायचात, मला गुदगुल्या व्हायच्या आणि रेघ वाकडी जायची. आई, पेन्सिल सरळ धर. आणि बाबा, तुम्ही हसू नका.

तुमची,
मनू