गाडी अण्णांच्या नावावर, स्टिअरिंग माझ्या हातात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या घरची वॅगन आर वडिलांच्या नावावर आहे. अण्णा आता ८१ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणे सोडले, आणि लायसन्सची मुदत संपली तेव्हा ते पुन्हा काढण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही. दवाखाना, बँक, गावाकडची लग्ने, सगळीकडे गाडी मीच नेतो. विमा मात्र दरवर्षी एजंट परस्पर भरून टाकतो आणि आम्ही त्याला पैसे पाठवतो.

यंदा प्रथमच पॉलिसी चष्मा लावून वाचली. त्यात एक ओळ होती : मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा (म्हणजे गाडी चालवणारा मालकच अपघातात गेला किंवा जायबंदी झाला तर त्याच्यासाठीचा विमा), १५ लाख रुपये. त्याखाली नॉमिनी म्हणून आईचे नाव. आईला जाऊन सहा वर्षे झाली.

एजंटला विचारले, तर म्हणाला, "दादा, ते कंपल्सरी असतं, टाकावंच लागतं." अर्धे खरे आहे. २०१८ मध्ये विमा नियामकाने हे संरक्षण १५ लाखांवर नेले (पूर्वी कारसाठी दोनच लाख होते) आणि ते सक्तीचेही आहे. पण त्याच पॉलिसीत बारीक अक्षरांत तीन अटी आहेत : व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक हवी, विमा तिच्याच नावाचा हवा आणि तिच्याकडे वैध लायसन्स हवे. अण्णा तिसऱ्या अटीत बसत नाहीत, मी पहिल्या दोन्हींत. म्हणजे जो गाडी चालवत नाही त्याच्यासाठी आम्ही हप्ता भरत होतो, आणि जो चालवतो त्याचे नाव कुठेच नव्हते. ज्या मालकाकडे वैध लायसन्सच नाही त्याला हे संरक्षण देताच येत नाही, असाही नियम आहे. फॉर्मवर 'लायसन्स आहे' अशी खूण कुणी केली हे अर्थात आता कुणालाच आठवत नाही.

"बापाची गाडी पोराने ठोकली तर क्लेम मिळत नाही" असे पारावर नेहमी ऐकू येते. ते मात्र चूक. आपल्याकडे मोटार विमा गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने, वैध लायसन्स असलेला कुणीही चालवत असला तरी गाडीचे नुकसान आणि समोरच्याची भरपाई हे दोन्ही सर्वसमावेशक पॉलिसीत धरलेले असते. प्रश्न चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचा आहे. दुसऱ्याची गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी येतो, त्याला तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात सांगितले. २०२० च्या रामखिलाडी प्रकरणात दुसऱ्याची मोटारसायकल चालवताना गेलेल्या स्वाराच्या वारसांना पॉलिसीतल्या अपघात विम्याचा एक लाख मिळाला, तोही थेट दिल्लीपर्यंत धडक मारल्यावर. मुलाच्या माघारी सुनेने हे सगळे करायचे का?

सरळ उपाय म्हणजे गाडी मुलाच्या नावावर करणे. तसे करायचे तर विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे लागते, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. शिवाय अण्णांचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर माझ्याकडे येत नाही, तो त्यांचाच राहतो. (मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली तर मात्र बोनस मिळतो. तेव्हा जुनी पॉलिसी फार तर तीन महिने चालते, आणि दुःखाच्या त्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहणार!) पण आमच्या घरी गाडे पैशांवर अडले नाही. "माझ्या नावावर आता तेवढीच एक वस्तू आहे, राहू दे," असे अण्णा म्हणाले. विषय संपला.

म्हणून मी स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली. नॉमिनी पत्नी.

कंपन्यांना आणि नियामकाला विनंती एकच : नूतनीकरणाच्या फॉर्मवर 'गाडी प्रत्यक्षात कोण चालवतो?' हा प्रश्न ठळक अक्षरांत घाला, आणि मालकाच्या लायसन्सची मुदत दरवर्षी विचारा. एवढे बोलणे होऊनही एजंटने पाठवलेल्या नव्या कोटेशनमध्ये ती १५ लाखांची ओळ होतीच, खाली आईच्या नावासह. ती मी बसून काढायला लावली.

आपला,
एक वाचक, नाशिक