तोळामासा

दांडिया बाजार, बडोदे
२१ जानेवारी

ती. सौ. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आजीला म्हणावं, परदेशातून पत्र आलंय. वाईची वेस ओलांडली की तिच्या लेखी परदेशच सुरू होतो, आणि गुजरातेत दिलेली नात म्हणजे तर पार समुद्रापलीकडची. तिला हे मोठ्यानं वाचून दाखव, कारण यातला बराचसा मजकूर तिच्या सल्ल्याबद्दल आहे आणि तो मी पाळलेला नाही. त्या दिवशी फोनवर मी रडले तेवढंच तिला ऐकू गेलं असणार.

तर पक्षी जिवंत आहे. हे आधी सांगून टाकते.

दिवाळीत नानांनी आणलेली जोडी तू फोटोत पाहिलीस. झेब्रा फिंच. आपल्या घरचिमणीच्या निम्म्या वजनाचे. नराच्या गालांवर शेंदरी ठिपके, कुशीवर तांबूस पट्ट्यात पांढरे थेंब, चोच लालभडक, म्हणून तो लाल्या. मादी साधी राखाडी, ती करडी. दिवसभर त्यांचं पीं पीं चालू असतं, जत्रेतल्या रबरी बाहुलीचं पोट दाबल्यासारखं. सासूबाई आधी वैतागायच्या. आता पाच मिनिटं आवाज आला नाही तर स्वयंपाकघरातून विचारतात, "का गं, गप्प का?"

इथं १४ तारखेला उत्तरायण आणि १५ला वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत. दोन दिवस अख्खं बडोदं गच्चीवर असतं, खाली राहतात फक्त कुत्री आणि उंधियूच्या दुकानापुढची रांग. आपल्याकडे तिळगूळ दिला की सण संपला, इथं तो तेव्हा सुरू होतो. आम्ही मराठी घरातले दोन्हीकडचं खातो, सकाळी गुळाची पोळी आणि दुपारी उंधियू-जिलबी, आणि मग गच्चीवर आडवे होतो.

पिंजरा मी वर नेला होता. थंडीत जरा ऊन मिळावं म्हणून, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवला. दुपारी तीनच्या सुमारास एक कापलेला पतंग तरंगत आला आणि त्याचा मांजा पिंजऱ्यावर पडून गजांतून आत गेला. दिरांचा बंड्या धावला आणि पतंग लुटायचा म्हणून त्यानं दोरा ओढला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, दुसऱ्या टोकाला काय आहे ते. मला फक्त फडफड ऐकू आली. दोरा लाल्याच्या उजव्या पंखाखाली गेला होता. काचेच्या त्या दोऱ्यानं माणसाचं बोट कापतं, त्याची काय कथा.

सगळे बंड्यावर ओरडले. पोरगं जिन्यात जाऊन बसलं. आणि आई, मी गप्प राहिले. पिंजरा वर कोणी नेला हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते काल सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं, तुझ्याशिवाय कोण नेणार." एवढंच. बंड्याला मी दोन फिरक्या कबूल केल्यात, पण साध्या दोऱ्याच्या.

रक्त थांबवायला सासूबाईंनी हळद दाबली आणि वर तूप लावायला निघाल्या, तेवढ्यात नाना त्याला घेऊन शिबिरात जायला उठले. इथं सरकारचं करुणा अभियान असतं, १० ते २० जानेवारी, २०१७ पासून दरवर्षी. १९६२ क्रमांक फिरवला की जखमी जनावरासाठी गाडी येते, पण आमच्याजवळच शिबिर होतं म्हणून बुटाच्या खोक्यात घालून नेला. तिथली रांग तू पाहायला हवी होतीस. पारवे, एक घार, एक शराटी मान लोंबलेली. आमच्या पुढच्या माणसाच्या एका हातात पारवा आणि दुसऱ्या हातात फिरकी! पारवा टेबलावर ठेवून तो पुन्हा गच्चीवर जाणार होता. मला त्याचा राग आला, पण तो कुठल्या तोंडानं बोलून दाखवणार. माझ्याही बोटांना मांज्याच्या चिरा होत्याच.

डॉक्टर मुलगी माझ्याच वयाची असेल. तिनं आधी पक्षी कुठला ते विचारलं. मुनिया असती तर पाळलीच कशी म्हणून जाब द्यावा लागला असता. हा ऑस्ट्रेलियाचा, पिंजऱ्यातच पैदास झालेला, म्हणून चालतो. बाबा, तुम्ही लहानपणी जत्रेतून लाल मुनिया आणायचात ना? आता वन्यजीव कायद्यानं आपल्या इथले रानपक्षी पाळायला बंदी आहे. आणि लाल मुनियेचं इंग्रजी नाव अवदावत, ते म्हणे आमच्या शेजारच्या अहमदाबादवरून पडलंय. तिथून पूर्वी पिंजरे भरभरून मुनिया बाहेर जायच्या. अहमदाबादची मुनिया गेली विलायतेला आणि ऑस्ट्रेलियाचा फिंच आला दांडिया बाजारात.

असो. जखम धुतली. तूप लावलं नाही हे बरं झालं म्हणाली, कारण तेलातुपानं पिसं चिकटतात आणि मग पक्ष्याला ऊब धरता येत नाही. हाड मोडलं नव्हतं. पंख अंगाशी मिटवून कागदी पट्टी गुंडाळली. आम्ही त्याला घरी आणून पुन्हा पिंजऱ्यात करडीजवळ सोडला.

इथून पुढं माझी चूक.

मी दर तासाला दाण्याची वाटी बघत होते. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि फोलपट तिथंच टाकतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि आत नुसता कोंडा असतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून मी फुंकर मारून बघायचे. फोलपटं उडायची, म्हणजे दाणे फुटत होते. मी खूश. तुझ्या जावयांना म्हटलं, खातोय छान. १५ला दुपारपर्यंत तसंच. मग जरा शांत बसून पिंजऱ्याकडे पाहिलं तेव्हा ध्यानात आलं, वाटी टांगलेली आहे वरच्या दांडीजवळ, आणि लाल्या खाली कोपऱ्यात. उडता येत नाही, वर चढता येत नाही. फोलपटं सगळी करडीची होती.

तो लोकरीच्या गोंड्यासारखा फुगून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. खालच्या कागदावर त्याच्या जागी नुसते हिरवे पाणचट ठिपके. बरं असलं की शिटेत काळपट गोळी असते आणि वर पांढरं. पोटात दाणाच नाही तर गोळी कुठून येणार, नुसतं पित्त उतरत होतं. हे नंतर डॉक्टरनं सांगितलं, त्या वेळी मला ते फक्त वाईट दिसलं. आई, भरल्या वाटीखाली तो चोवीस तास उपाशी बसला होता. तू फोनवर पहिलं विचारतेस "जेवलीस का", आणि लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी "हो" म्हणत राहिले, त्याची उगाच आठवण झाली.

आता आजीचा भाग. ती म्हणाली, दुधात पोळी कुस्करून भरव, आणि चोचीत पाणी सोड. आजी, तू वासरं, मांजरं, दोन नातवंडं जगवलीस, तुझ्या हाताला यश आहे, पण पक्ष्याला दूध पचत नाही. त्याच्या कुळात दूध पिणं नाहीच. आणि चोचीत पाणी सोडायला मी खरोखर ड्रॉपर घेतला होता. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते. वरून थेंब टाकला आणि त्यानं गिळला नाही तर तो सरळ फुप्फुसात. पुन्हा शिबिरात नेल्यावर डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा ड्रॉपर माझ्या पर्समध्ये होता. मी तो बाहेर काढला नाही.

तिनं स्वतः बारीक नळी घालून पातळ खाद्य थेट त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत सोडलं, थेंबांत मोजावं इतकं. हे घरी करायचं नाही म्हणून दोनदा बजावलं. आणि म्हणाली, आता दोनच गोष्टी, ऊब आणि अन्न, त्यातही आधी ऊब. त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त ताप असतो, ४० अंशांच्या वर. पोट रिकामं असताना तेवढी धग टिकवायची म्हणजे अंगातलंच जळतं, आणि या एवढ्याशा देहात जळायला आहेच किती!

मग घरचा दवाखाना. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला पांढरा टिपकागद, दांडी नाही, सगळं जमिनीवर. नानांच्या टेबललॅम्पला जुना ४० वॉटचा पिवळा दिवा लावला, एका बाजूनं. दुसरी बाजू गार ठेवायची, त्याला फार उकडलं तर सरकता यावं. तुझ्या त्या निळ्या सुती साडीनं तीन बाजू झाकल्या. थर्मामीटर ३० दाखवेपर्यंत दिवा पुढंमागं सरकवला. रात्री उजेड नको म्हणून दिवा बंद आणि गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून. ती दोनला आणि पाचला पुन्हा भरायची. दोनची पाळी माझी, पाचची तुझ्या जावयांची. करडीचा पिंजरा समोर, दिसेल असा. एकटं पडलं की हे पक्षी आणखी मिटतात.

पण तो दाण्याला शिवेना. बाजारातली कांग आम्ही त्यांना घालतो, ती त्याच्यापुढं पसरली. चोचीत घ्यायचा आणि टाकायचा. सोलायचं त्राण नव्हतं.

आणि आता तुझं पार्सल. भोगीला राळ्याचा भात करायला म्हणून तू पुडी पाठवली होतीस ना, मी तुला "केला हं" म्हटलं होतं. केला नव्हता. पुडी मिळालीच नव्हती. १५ला रात्री हळदीचा डबा शोधताना ती मागच्या फळीवर सापडली, पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारलेली. तुझ्या अक्षरात चिठ्ठी: "राळे, सडलेले." तुझे जावई बडोद्यात वाढलेले, उखळात सडून साल काढतात हे त्यांना कुठून माहीत असणार! त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे तू, नासकं काही पाठवलंय, पण बायकोला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी ते लपवलं होतं. टाकवलंही नाही. मी हसायला लागले आणि मग मला रडू आलं, तेव्हाच तुझा फोन आला.

पुडी उघडली आणि पाहते तर ही कांगच! इतके महिने मी पक्ष्यांना घालत होते ते आपलं राळं, फक्त सालासकट. तू पाठवलेलं सोललेलं, म्हणजे त्याच्या वाट्याचं काम आधीच झालेलं. अर्धा चमचा कोमट पाण्यात भिजवलं, निथळलं, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर कुस्करला आणि त्याच्या पायाशी कागदावर पसरलं. अगदी पायाशी, मान वाकवली की चोच लागेल असं. मग मी बाजूला झाले, कारण कोणी बघत असेल तर तो खात नाही. करडीलाही तेच दिलं. ती टिपायला लागल्यावर यानं पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग एक उचलला, नंतर एक कण चोचीला चिकटला तो पुसला, आणि मग आणखी एक.

शिळं होऊ नये म्हणून दर दोन तासांनी ताजं. ओलं अन्न लवकर आंबतं.

डॉक्टर म्हणाली होती, रोज वजन करा, डोळ्यांवर विसंबू नका. फुगलेला पक्षी लठ्ठ दिसतो. आता इतकं बारीक वजन कुठं करणार? खाली सोनारकाकांचं दुकान आहे. नाना खोकं घेऊन गेले. आधी कागदाची डबी, मग डबीसकट लाल्या. १०.६ ग्रॅम. काका जुन्या हिशेबाचे, तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे बारा मासे. म्हणाले, अकरा मासेपण भरत नाही. बाबा, तुम्ही माझ्या तब्येतीला तोळामासा म्हणायचात ते काय असतं, ते मी त्या काट्यावर पाहिलं. करडी त्याच काट्यावर १२.९ भरली.

पुढचे दिवस सगळे सारखेच, बाटली, राळं, कागद बदलणं. १७ला कागदावर पहिली काळी गोळी दिसली आणि मी ती तुझ्या जावयांना बोलावून दाखवली. त्यांनीही वाकून पाहिली. नाना म्हणाले, सयाजीराव महाराजांचे पोपट चांदीची सायकल चालवायचे, तोफ डागायचे, आणि आमच्या घरात शिटेचं कौतुक. १८ला १०.९. १९ला सालीची कांग ठेवून पाहिली, संध्याकाळी खोक्यातून टक टक ऐकू आलं. दाणा फोडत होता.

आज सकाळी ११.७. सोनारकाका काट्यावरून नजर न हलवता म्हणाले, "तोलो पूरो, बेन." पैसे नाही घेतले. राळ्याचे लाडू होतात का विचारत होते, तू सांग, होतात का?

पट्टी परवा काढायची आहे. पूर्वीसारखा उडेल की नाही, ते त्यानंतर कळेल. नाहीच उडाला तर दांड्या खाली बांधू, वाटी खालीच ठेवू. अजून तो गायला नाही. नर पिल्लू आपल्या बापाचं ऐकून गाणं शिकतं म्हणे, मादी गातच नाही. तेव्हा करडीकडून काही शिकवणी मिळण्यासारखी नाही, त्याचं त्यालाच आठवायला हवं.

बाबांचा गुडघा कसा आहे? तेल चोळू द्या, तुम्हाला पिसं नाहीत. आजीला म्हणावं, रागावू नकोस, उन्हाळ्यात आले की तुझ्या हातची दूधपोळी मी खाईन. पुढच्या पार्सलात सालासकट राळे किलोभर पाठव, शेतकऱ्याकडचे मिळाले तर बघ, आणि सडलेले पावशेर वेगळे. ते आमच्या भातासाठी.

तुमची,
ताई

ता. क. पुडीवर या वेळी नुसतं "राळे" एवढंच लिही.